विवाहाची दुय्यम प्रत मिळणेबाबत

दुसऱ्यांदा लग्न करणं कितपत अवघड असतं ते मला माहीत नाही. तसा योग आला नाही, आणि हे ज्या घरात बसून लिहितोय तिथे तो विषय काढायची माझी छातीही नाही. पण एकदा झालेल्या लग्नाची दुसरी प्रत काढणं म्हणजे काय असतं, ते मात्र मला विचारा. दहा दिवसांत माझं वजन दोन किलोनं उतरलं, कार्यालयात माझ्या नावाची एक फाईल तयार झाली, आणि शेजारपाजारी लोक मला बघून खोकल्यासारखं करून हसायला लागले.

सुरुवात सासूबाईंच्या फोननं झाली. फोन हिला होता. पण आमच्याकडे फोन हिला आला तरी काम मला लागतं. अर्धा तास गुडघेदुखी, पाण्याची टाकी, कुणाच्या तरी सुनेचं वागणं असं रीतसर चाललं होतं. मग ही फोन ठेवून माझ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, "आई म्हणते, बाबांचा आवाज विसरायला लागलेय."

सासरे जाऊन तीन वर्षं झाली. भारी आवाजाचा माणूस. ते कानात काही सांगायचे तेही पलीकडच्या खोलीत ऐकू जायचं. फोटो त्यांचे पुष्कळ आहेत, पण आवाज कुठे असणार? फोनवर बोलायचा त्यांना मनस्वी कंटाळा. 'हं, थांब, हिला देतो' याच्यापुढे त्यांचं संभाषण कधी गेलंच नाही. "चेहरा भिंतीवर आहे गं, पण बोलायचे कसे तेच आठवेना झालंय," असं सासूबाई म्हणाल्या म्हणे. सांगताना हिचे डोळे भरून आले. मलाही वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? माझे सासरे मला आवडायचे. हे वाक्य म्हणू शकणारे जावई जगात फार नसतील.

"आपल्या लग्नाच्या डीव्हीडीत आहेत की बाबा," ही डोळे पुसत म्हणाली. "जेवणाच्या हॉलमध्ये. चांगले बोलताना. आई पुढच्या रविवारी येतेय. तोवर ते काढून तिच्या फोनवर घालून द्या, म्हणजे घरी गेल्यावरही तिला ऐकता येईल."

"हात्तिच्या! एवढंच ना?" मी म्हणालो.

'हात्तिच्या, एवढंच ना' असं म्हणून हाती घेतलेलं माझं एकही काम आजवर सुखरूप तडीला गेलेलं नाही. नळाची चकती बदलणं, खिडकीला जाळी बसवणं, सगळ्याची सुरुवात याच वाक्यानं झाली होती. पण माणूस अनुभवानं शहाणा होतो हे सुभाषित ज्यानं लिहिलं त्याचं लग्न झालेलं नसावं.

कपाटाच्या वरच्या कप्प्यातून सोनेरी डबी काढली. वर मोठ्या अक्षरांत 'विवाह', खाली शूटिंगवाल्याचा पत्ता, आत मखमल. आणि मखमलीवर काही नाही. ती डीव्हीडी कुठे असणार हे मला त्या क्षणी लख्ख आठवलं.

झालं होतं असं, की चार महिन्यांपूर्वी आमच्या गॅलरीत पारव्यांनी उच्छाद मांडला होता. तेव्हा शेजारचे गृहस्थ मदतीला धावून आले. यांचं प्रत्येक वाक्य 'माझा अनुभव आहे' यानं संपतं, म्हणून अख्खी इमारत त्यांना अनुभवी म्हणते. "जुन्या चकत्या दोऱ्यानं टांगा. पारव्याला चकाकी सोसत नाही. माझा अनुभव आहे," अनुभवी म्हणाले. मी कपाट धुंडाळून, वर काही लिहिलेलं नसलेल्या नऊ चकत्या शोधल्या आणि टांगल्या. पारव्यांना चकाकी फार आवडली. ते त्यात बघून पिसं नीट करायला लागले. आणि शूटिंगवाल्यानं जे काही छापायचं ते डबीवर छापून चकती कोरीच ठेवली होती, आणि ती डबीबाहेर इतर चकत्यांत पडलेली, त्याला मी काय करणार?

ही भाजी आणायला खाली गेल्याबरोबर मी नऊच्या नऊ चकत्या उतरवल्या आणि आमच्या जुन्या प्लेअरमध्ये एकेक घालून पाहिली. या प्लेअरचं तोंड चमच्याच्या दांड्यानं टोचल्याशिवाय उघडत नाही. पहिल्या चकतीत छपाईयंत्राची माहिती निघाली, दुसरीत 'घरबसल्या संगणक शिका', तिसरी नुसतीच गरगरली. सातवीत मी निघालो. एकवीस वर्षांपूर्वीचा मी, डोक्यावर भरपूर केस, गाडीतून उतरताना दारात अडखळतोय.

लग्न छान चाललं. पळवत पळवत जेवणापर्यंत आलो. ऐंशीव्या मिनिटाला सासरे हातात वाढायचा डाव घेऊन पंगतीतून येतात, कॅमेऱ्याकडे वळतात, तोंड उघडतात आणि चित्राचे चौकोन चौकोन होतात. प्लेअर कण्हतो आणि थांबतो. दहा वेळा लावून पाहिलं, दहाही वेळा तिथेच. हयातीत त्या माणसाला मध्येच गप्प करणं कुणाला जमलं नव्हतं. ते पारव्यांनी करून दाखवलं.

एवढ्यात ही आली. "सापडली? चालते ना?"

"अगदी उत्तम," मी म्हणालो. "जराशी धूळ आहे." उरलेल्या आठ चकत्या मी संध्याकाळी गुपचूप परत टांगल्या.

दुसऱ्या दिवशी डीव्हीडी घेऊन अनुभवींकडे गेलो. जिथून दुखणं आलं तिथेच औषध मागायला जावं, असा माझा स्वभाव आहे. त्यांनी चकती उजेडात धरली, जीभ टाळ्याला लावून च् च् केलं आणि दात घासायची पेस्ट लावायला सांगितली. पेस्ट लावली. मग म्हणाले, केळ्याची साल चोळा. चोळली. मग म्हणाले, फ्रिजमध्ये ठेवा, गारठ्यानं ओरखडे आकसतात. तेही केलं. इतक्या उपचारांनंतर डीव्हीडीला पुदिन्याचा आणि केळ्याचा मिश्र वास यायला लागला, पण सासरे काही तोंड मिटेनात.

त्यांच्या दारातच वरच्या मजल्यावरचे वकीलसाहेब भेटले. त्यांना बाकीचं काही नको असतं, फक्त बाजू हवी असते.

"प्रत काढताय? परवानगी घेतलीत?" त्यांनी विचारलं.

"कुणाची? लग्न माझं आहे."

"लग्न तुमचं, चित्रण त्याचं. हक्क शूटिंग करणाऱ्याचा. कायद्याच्या नजरेतून बघायचं तर तुम्ही त्यात फक्त काम केलंय."

"तेही बिनपगारी," मी म्हणालो. पण रात्रभर ते वाक्य मला टोचत राहिलं. एकवीस वर्षं मी स्वतःला त्या प्रसंगातला मुख्य माणूस समजत होतो.

आता पुढची अडचण. घरच्या लॅपटॉपला डीव्हीडी घालायची जागाच नाही. बाजूला एक फट होती, तिच्यात मी बराच वेळ डीव्हीडी सरकवायचा प्रयत्न केला. ती वारा जायची फट निघाली. बाहेरगावी शिकणाऱ्या मुलीला फोन केला, तर ती हसून हसून बेजार. "बाबा, डीव्हीडी? बाहेरून जोडायचं वाचकयंत्र लागतं त्याला. कुठल्यातरी सरकारी कचेरीत असेल अजून." माझ्या नोकरीविषयी तिचं मत काय आहे ते मला त्या निमित्तानं कळलं.

पण पोरगी बरोबर होती. मी एका महाविद्यालयाच्या परीक्षा विभागात आहे, आणि आमच्याकडे जुने निकाल डीव्हीडीवर साठवतात. लाल रंगाचं एक वाचकयंत्र कुलपात असतं. दोन दिवसांसाठी मिळावं म्हणून अर्ज करायला बावीस वर्षांच्या सेवेनंतर काही हरकत नसावी, असं मला वाटलं. मी स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'विषय : स्वतःच्या विवाहाच्या चित्रफितीची दुय्यम प्रत काढणेसाठी वाचकयंत्र घरी नेण्यास परवानगी मिळणेबाबत.'

आमच्या आवकनोंदीच्या वहीत विषयाचा रकाना दोन बोटं रुंद आहे. त्यात लिहिलं गेलं, 'विवाहाची दुय्यम प्रत मिळणेबाबत'. आणि आमच्या विभागात अर्ज कुणी वाचत नाही, वही वाचतात. तिसऱ्या दिवशी अर्ज शेरा घेऊन परत आला: 'मूळ प्रत गहाळ झाल्याचे अथवा फाटल्याचे प्रतिज्ञापत्र जोडावे. वर्ष व बैठक क्रमांक नमूद नाही.'

मी तडक अधीक्षक मॅडमच्या टेबलाशी गेलो.

"मॅडम, ही गुणपत्रिका नाही. हे लग्न आहे."

"असू दे ना," मॅडम चष्म्यावरून बघत म्हणाल्या. "दुय्यम प्रत म्हटली की वर्ष लागतंच. नियमित की बहिःस्थ?"

"काय?"

"अहो, रकाना आहे. मोकळा ठेवता येत नाही."

मी 'नियमित' लिहिलं. बैठक क्रमांकाच्या जागी लग्नाच्या हॉलचा क्रमांक टाकला. 'मूळ प्रत फाटलेली नसून जीर्ण झालेली आहे' असं लेखी दिलं, आणि त्याच्यावर शिक्का बसला. शिपाई यंत्र देताना हळूच म्हणाला, "वहिनींची तब्येत बरी आहे ना?" आता याला काय उत्तर द्यायचं सांगा.

शुक्रवारी संध्याकाळी घरी यंत्र जोडलं आणि इंटरनेटवरून एक सॉफ्टवेअर उतरवलं. ते मराठीत मिळत होतं हे पाहून मला भाषेचा अभिमान वाटला. तो पाच मिनिटं टिकला. इंग्रजीत डीव्हीडीतून चित्रपट काढून घेण्याला जो शब्द आहे, त्याचा अर्थ फाडणे असाही होतो. ज्या कुणी भाषांतर केलं होतं त्यानं तोच धरला होता. डीव्हीडी घातल्याबरोबर पडद्यावर आलं: 'विवाह सापडला. आपण खरोखर हा विवाह फाडू इच्छिता?' खाली दोन बटणं. एकावर 'होय' आणि दुसऱ्यावर 'मागे फिरा'.

एकवीस वर्षांत मागे फिरण्याची सोय मला पहिल्यांदाच कुणीतरी देऊ केली होती. मी जरा बघत बसलो. ही चहा घेऊन मागे उभी होती हे मला माहीत नव्हतं.

"एवढा कसला विचार करताय?" हिनं विचारलं.

मी झटकन 'होय' दाबलं, आणि मग लक्षात आलं की तेही चुकलंच. 'विवाह फाडला जात आहे. कृपया संयम बाळगा,' असं आलं. चहाचा कप जरा जोरात ठेवला गेला.

बरं, सॉफ्टवेअर फुकट होतं, पण ते चाखून बघण्यापुरतं. एका वेळी पाचच मिनिटं काढून देणार, आणि चित्राच्या तळाशी 'नोंदणी केलेली नाही' अशी पट्टी टाकणार. अख्खं हवं तर विकत घ्या. पण कुठल्या परमुलखातल्या अनोळखी माणसाला माझ्या कार्डाचा क्रमांक द्यायचा? छे! लग्न शंभर मिनिटांचं. पाच पाच मिनिटांचे वीस तुकडे पाडले की झालं. डोकं असलं की माणसाचं काही अडत नाही.

तुकड्यांना नावं देणं आलं. इथे माझ्या नोकरीचा कस लागला. परीक्षा विभागात आकड्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. एकाची शेपटी जरा वळवली की नऊ होतो, हे मी कितीतरी गुणपत्रिकांवर डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून गुण नेहमी अक्षरी. बावीस वर्षं मी लोकांचं नशीब अक्षरी लिहीत आलोय. तेव्हा पहिल्या तुकड्याला नाव दिलं 'एक', दुसऱ्याला 'दोन', तिसऱ्याला 'तीन'. कुणाची माय व्यालीय खाडाखोड करायला! पंधरापर्यंत 'फाडणे यशस्वी' असा निरोप येत राहिला आणि मी शीळ घालत राहिलो.

'सोळा'ला यंत्र घरघरलं. पडद्यावर आलं: 'फाडणे फसले. चकतीला जखम आहे.'

सासरे सोळात होते. पुढचे सतरा ते वीस विनातक्रार निघाले, पण सोळा निघेना. सहा वेळा जखम आहे, जखम आहे म्हणून सांगून झालं, तेव्हा ही स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि शांतपणे म्हणाली, "गॅलरीत नऊ होत्या. आता आठ लटकतायत."

मी उगाच पुन्हा बटण दाबलं.

"मी रोज मोजते. वाऱ्यानं पडली तर खाली कुणाच्या डोक्यात जाईल म्हणून." मग तिचा आवाज चढला. "माझे बाबा चार महिने पारव्यांसमोर टांगून ठेवलेत तुम्ही?"

"बाबा एकटे नाही, मीही होतो की त्यात," मी म्हणालो. असल्या वेळी असलं बोलू नये एवढं मला कळायला हवं होतं.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती खुर्चीवर बसली. "आईला मी शब्द दिलाय हो," म्हणाली. "ती नको नको म्हणत होती, मीच म्हटलं, ये, तुला ऐकवते." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चमच्याचा दांडा, पुदिना, केळं, सगळं मी तिला कबूल करून टाकलं. केळ्याशी आल्यावर तिला हसू फुटलं, पण तिनं ते दाबलं. "उद्या सोळा घेतल्याशिवाय घरी येऊ नका," म्हणाली.

शनिवारी सकाळी डीव्हीडी रुमालात गुंडाळून डबीवरच्या पत्त्यावर गेलो. शूटिंगवाल्याच्या जागी चष्म्याचं दुकान. मी पाटीकडे बघत उभा राहिलो तर आतून हाक आली, "या या, नंबर वाढलाय वाटतं!" हाक मारणारा तोच होता. लोक फोनवर आपापलं शूटिंग करायला लागल्यावर त्यानं धंदा बदलला होता. "काच ती काचच," म्हणाला. "आधी मी तिच्यातून बघायचो, आता लोकांना बघायला लावतो."

मी रुमाल उघडला. त्यानं डीव्हीडी नाकाशी धरली. "पुदिना?"

मी मान खाली घातली.

"आणि हे ओरखडे?"

"पारवे."

त्यानं पुढे काही विचारलं नाही. धंद्यात मुरलेला माणूस. आत चष्म्याच्या काचा घासून चकचकीत करायचं एक गोल फिरणारं मऊ चाक होतं. त्याच्यावर कसलीशी पांढरी पूड टाकून त्यानं डीव्हीडी तिरकी धरली, हलक्या हातानं, एकेक बोट पुढे सरकवत. मी श्वास रोखून उभा. मध्ये एक बाई चष्मा घ्यायला आल्या, त्यांना त्यानं हातानंच थांबवलं.

"कुठे अडकते म्हणालात?"

"जेवणात. माझे सासरे बोलायला लागतात तिथे."

चाक थांबलं. "डाव घेऊन फिरणारे? मोठ्या आवाजाचे?" तो म्हणाला. "अहो, त्या गृहस्थांनी मला जेवायला बसवलं होतं हो. एवढी लग्नं केली मी. वरातीत नाचवलं लोकांनी, रात्री दोनपर्यंत उभं ठेवलं. जेवलास का म्हणून विचारणारा तो एकच." मग त्यानं पुन्हा चाक सुरू केलं आणि सबंध अर्धा तास घासत बसला. हात खिशाकडे नेला तर माझ्यावर डोळे वटारले. वकीलसाहेबांच्या समाधानासाठी मात्र मी चष्म्याच्या पावतीवर 'प्रत काढण्यास माझी हरकत नाही' असं लिहून घेतलं.

घरी येऊन डीव्हीडी घातली. यंत्र घरघरलं, थांबलं, पुन्हा घरघरलं. ही माझा खांदा धरून उभी होती. तिची नखं रुतत होती. 'फाडणे यशस्वी.' मी तुकड्याला नाव दिलं, 'सोळा'. ऐकून बघायचं का विचारलं तर ही म्हणाली, "नको. आईबरोबरच ऐकू." वीसच्या वीस तुकडे पेनड्राइव्हवर घातले आणि त्या दिवशी मी दुपारी ताणून दिली.

रविवारी सासूबाई आल्या. चहा झाला, पण त्यांचं टीव्हीकडे बघायचं लक्षण दिसेना. शेवटी म्हणाल्या, "ती फिल्म नको गं. शेवटी हे फाटकाशी उभे राहून रडतात. एवढा दांडगा माणूस, ओठ थरथरतायत. ते बघितलं की मग चार दिवस माझ्या घशाखाली घास उतरत नाही."

"आई, त्याच्या आधीच बंद करू," ही म्हणाली. "जेवणाचंच फक्त ऐक."

"मी सगळं क्रमानं लावलंय," मी छाती काढून सांगितलं. "सोळावा तुकडा संपला की बंद. इकडचं तिकडे व्हायची सोयच ठेवलेली नाही."

अनुभवी आणि वकीलसाहेब न बोलावता आले होते. मी चार शब्द प्रास्ताविक केलं आणि बटण दाबलं.

पडद्यावर पंगत सुरू झाली. भराभर लोक जेवतायत.

"आधी जेवण?" वकीलसाहेबांनी विचारलं. "आणि लग्न?"

मी घाबरून रिमोट बघायला लागलो. पाच मिनिटांनी पंगत जाऊन खुर्च्यांवर झोपलेले पाहुणे आले, आणि एक काका बूट शोधत फिरायला लागले. मग आहेर. मग कुठे सोनेरी अक्षरांत 'विवाह' असं नाव आलं. त्याच्यापाठोपाठ नवरी हुंदके द्यायला लागली, आणि लगेच गाडीतून नवरा उतरला, दारात अडखळत.

"म्हणजे बघूनच रडायला आलं," अनुभवी म्हणाले. "माझा अनुभव आहे."

"आणि खाली लिहिलंय, नोंदणी केलेली नाही," वकीलसाहेब पुढे सरसावले. "अहो, ही गंभीर बाब आहे!"

मी कपाळावर हात मारून घेतला, कारण आत्ता माझ्या डोक्यात उजेड पडला होता. आकडे असते तर टीव्हीनं एक, दोन, तीन असे लावले असते. मी दिली होती अक्षरं, आणि त्यानं ती इमानेइतबारे बाराखडीप्रमाणे लावली. अकरा, अठरा, आठ, एक, एकोणीस, चार. अ आधी, मग आ, मग ए. आमचं लग्न शब्दकोशासारखं चाललं होतं. मी थांबवायला रिमोट दाबायला लागलो, तर सासूबाई म्हणाल्या, "असू दे हो, बघू तरी." त्यांना मजा वाटायला लागली होती. चौदा जेवण, तीन नवरीचे केस, तेरा पुन्हा जेवण. "केवढं जेवतात तुमच्याकडची माणसं," त्या म्हणाल्या, आणि ही पदर तोंडाला लावून हसायला लागली. तो गोंधळ बघून मीही हसलो. दुसरं करणार काय?

बारा संपला आणि मग माझ्या लक्षात आलं. ब नंतर व. वीस!

रिमोट मगाशी हसण्याच्या भरात टीव्हीपाशी ठेवला होता. मी तिकडे झेपावलो, पण मध्ये अनुभवींचे पाय. तोवर फाटक आलं. सासरे उभे होते, ओठ आवळून, आणि मग त्यांचा बांध फुटला. सासूबाईंनी मान खाली घातली. हिनं त्यांचा हात धरला. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. पाच मिनिटं संपता संपत नव्हती.

मग सतरा लागला. नवरी हसत हसत मैत्रिणींबरोबर फोटो काढतेय.

सासूबाईंनी डोळे पुसले आणि वर पाहिलं. "आली का परत?" म्हणाल्या.

"आली," ही म्हणाली. तिलाही कळेना हसावं की रडावं.

सहामध्ये लग्न लागलं, सातमध्ये टाळ्या वाजल्या. आणि सगळ्यात शेवटी, अख्ख्या बाराखडीच्या टोकाला, सोळा आला. पंगत, पंगतीतून डाव घेऊन येणारे सासरे. ते कॅमेऱ्याकडे वळले, त्यांनी तोंड उघडलं, मी डोळे मिटले.

"अहो शूटिंगवाले, ठेवा ते यंत्र खाली आणि बसा पानावर! लग्न काय पळून जातंय का?"

तो आवाज खोलीभर झाला. खिडकीची काच थरथरली असं अनुभवी नंतर सांगत होते, आणि या वेळी 'माझा अनुभव आहे' म्हणाले नाहीत. सासरे हसले, डाव उंच करून कुणालातरी शोधायला लागले, आणि कॅमेऱ्याबाहेर बघत हाक मारली, "अगं ए! सगळ्यांना विचारत फिरतेस, तू जेवलीस का?"

तिथेच पाच मिनिटं संपली. चित्र थांबलं. सासरे तसेच बाजूला बघत, उत्तराची वाट बघत राहिले.

"मी हो म्हटलं होतं तेव्हा," सासूबाई टीव्हीकडे बघत म्हणाल्या. "खोटंच. सकाळपासून पाण्याचा घोट नव्हता पोटात." मग म्हणाल्या, "परत लावा."

सोळा आम्ही पाच वेळा लावला. वकीलसाहेब नाक शिंकरायला गॅलरीत गेले ते बराच वेळ आलेच नाहीत. मी मात्र खजील होऊन बसलो होतो. "आई, चुकलंच माझं," मी म्हणालो. "उद्या सगळ्यांना आकडे घालतो. क्रमानं लावून मगच तुमच्या फोनवर देतो."

"मुळीच हात लावू नका," सासूबाई म्हणाल्या. "क्रमानं लावलंत की शेवटी फाटक येतं. हे बरंय. रडू मध्येच कुठेतरी होऊन जातं, आणि जाताना हे जेवलीस का म्हणून विचारतात."

त्या उठल्या, पदर खोचला आणि हिला म्हणाल्या, "चल, ताटं घे. भूक लागलीय मला."